धोंड्याच्या जेवणाला मोडलेली मांडी

माझा डावा पाय घोट्यापासून खाली त्या दुपारी जवळपास गेल्यात जमा होता. तो कसा राहिला, एवढंच इथे लिहायचं आहे. ज्यांना दुसऱ्याच्या हाडांची गोष्ट ऐकवत नाही त्यांनी इथेच थांबलं तरी माझी हरकत नाही.

अधिक महिना होता. या महिन्यात लेक-जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायची आपल्याकडे रीत आहे. धोंडे म्हणजे पुरण भरलेले कणकेचे गोळे, वर हात न आखडता सोडलेलं तूप. जेवणाआधी दोघांना पाटावर बसवतात, पाय धुतात, पायांना हळद-कुंकू लावतात आणि तेहतीस अनारसे देतात. तेहतीसच का, याचं पटेल असं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही, पण मी मोजतो आणि आजवर ते बरोबर भरलेले आहेत. त्या दिवसापुरता जावई म्हणजे विष्णू. एरवी तो काय असतो, ते बायकोला विचारावं.

आम्ही राजुरीचे. मी जुन्नरला एका शाळेत लेखनिक आहे. सासुरवाडी आंबेगाव तालुक्यात, महाळुंगे पडवळला. लग्नाला वीस वर्षांच्या वर झाली, तरी त्या घरात मी अजून पाहुणाच आहे. सासरे माझ्याशी एका खाटेवर बसत नाहीत. मी पाण्याचा तांब्या स्वतः उचलला तर सासूबाईंचा चेहरा पडतो. एकदा मी माझं ताट उचलून मोरीत ठेवलं, तर ही बातमी भावकीत फिरली.

त्या दिवशी आहेराची नवी पँट आणि शर्ट घालून मी पाटावर बसलो. सासऱ्यांनी माझे पाय धुतले. सासूबाईंनी हळद-कुंकू लावलं, आणि त्यांचा हात सढळ असल्यामुळे माझी दहाही बोटं लालभडक झाली. मग आत पानं वाढायला सुरुवात झाली. ती भरेपर्यंत वेळ होता, म्हणून मी अंगणात आलो.

अंगणात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. बराखीत साठवलेला कांदा पिशव्या भरून तीवर रचला होता. दुसऱ्या दिवशी तो मंचरच्या बाजारात जायचा होता. सासरे म्हणाले, "एकशे चाळीस पिशव्या हायत." मी खालूनच थर आणि ओळी पाहिल्या. माझ्या हिशोबाने एकशे छत्तीसच्या वर बसत नव्हत्या. अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी मागच्या उघड्या फाळक्यावर, म्हणजे ट्रॉलीच्या लोखंडी दारावर, पाय देऊन वर चढलो.

"पावणं, उतरा खाली. कापडं नवी हायत," सासरे म्हणाले.

कपडे नवे होते हीच तर अडचण होती. नव्या पँटचं कापड गुळगुळीत, पाय अनवाणी आणि कुंकवाने निसरडे. मागची ओळ मोजताना टोकाची पिशवी पायाखालून सरकली. मी तिच्यासकट खाली आलो आणि येताना डावी मांडी उघड्या फाळक्याच्या लोखंडी कडेवर आपटली. आवाज झाला. ओला ऊस मोडावा तसा. तो माझ्यातून आला हे कळायला मला क्षण लागला.

मी चिखलात उताणा पडलो होतो. डावं पाऊल पूर्ण बाहेरच्या बाजूला वळलं होतं, इतकं की ते माझं नसून शेजारी कुणी आणून ठेवलंय असं वाटत होतं. मांडी उजवीपेक्षा आखूड दिसत होती आणि पँट फाटेल इतकी फुगत चालली होती. कातडी फाटली नव्हती. बाहेर रक्ताचा थेंब नाही. त्यामुळे जमलेल्यांचा समज झाला की फार काही लागलेलं नाही.

आता जी चूक झाली ती दुसऱ्या कुणाच्या बाबतीत झाली नसती. गडी पडला असता, तर मदत येईपर्यंत त्याला तिथेच पडू दिलं असतं, आणि तेच बरोबर ठरलं असतं. पण आपल्या अंगणात जावई चिखलात पडलाय, नव्या कपड्यांत, पूजा झालेल्या पायांनी, आणि गल्ली बघतेय, हे सासूबाईंना सोसणारं नव्हतं.

"अगं बया, पावण्यांना असं खाली ठिवता व्हय? खाटंवर घ्या. गादी टाका आधी," त्या म्हणाल्या.

गादी टाकण्यात आली. वर चादर, तीही नवी. बायको आतून धावत येईपर्यंत चौघांनी मला काखेत आणि पायांना धरून उचललं होतं. डावा पाय ज्याच्या वाट्याला आला त्याने तो तांदळाच्या पोत्यासारखा मधेच धरला. मांडीच्या आत काहीतरी सरकलं. मी ओरडलो की नाही आठवत नाही. गल्लीच्या म्हणण्याप्रमाणे ओरडलो. खाटेवर ठेवल्यावर कळ थोडी बसली, आणि पावलात मुंग्या यायला लागल्या. मग मुंग्याही गेल्या. तेव्हा मला ते सुधारणेचं लक्षण वाटलं.

बायकोने सरकारी अँब्युलन्सला फोन लावला. गाडी दुसऱ्या गावाला गेली होती, पण निघतेय असं तिकडून सांगितलं. शेजारचे एक म्हातारे म्हणाले की हाड बसवणारा माणूस त्यांच्या ओळखीचा आहे, तेल लावून चोळलं की दोन बसण्यांत काम होतं. बायको त्यांना म्हणाली, "बाबा, तुमच्या गुडघ्याला चोळलं ना त्याने? मग काठी का घेता अजून?" म्हातारे काठी टेकत पाणी प्यायला गेले.

एवढ्यात माझा चुलत मेहुणा आला. हा होमगार्डमध्ये आहे. त्याने आपत्ती व्यवस्थापनाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण घेतलेलं आहे आणि तेव्हापासून तो आपत्तीची वाट बघत होता. प्रमाणपत्र त्याने फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलंय. गर्दी बाजूला सारत तो माझ्या डोक्याशी आला.

"दाजी, घाबरू नका. मी आलोय."

"म्हणूनच घाबरलोय," मी म्हणालो.

"कुणी हात लावायचा न्हाई आता. फळ्या आणा. दोन. एक काखंपासून टाचंच्या खालपर्यंत, एक आतून जांघेपासून. आन् कापडं आणा बांधायला."

हे त्याने बरोबर सांगितलं, ते मी मान्य करतो. मांडीचं हाड मोडलं की फक्त मांडी बांधून भागत नाही. वर कंबर आणि खाली गुडघा-घोटा, दोन्हीकडचे सांधे अडकवावे लागतात, नाहीतर प्रत्येक हालचालीला हाडाची टोकं आत मांसात फिरतात. म्हणून फळी लांब लागते. बराखीची फळी आणली गेली. ती सात फुटी होती.

"माझी उंची पाच फूट सात," मी खाटेवरून म्हणालो. "काखेपासून चार साडेचार फूट पुरे. ही फळी गाडीच्या दाराबाहेर राहील."

"माप घेतो की," मेहुणा म्हणाला आणि मला हलवायचं नाही म्हणून फळी स्वतःच्या अंगाला लावून उभा राहिला. तो सहा फूट एक इंच आहे. मी त्याला तसं सांगितलं. त्याने मनात काहीतरी वजाबाकी केली आणि खूण केली. ती चुकीची होती. शेवटी बायकोने माझ्या चांगल्या पायाच्या बाजूने ओढणीने माप घेतलं आणि तिथे करवत चालली.

बांधायला कापड म्हणून सासूबाईंनी जुनेर आणलं. मधे भरायला काहीतरी मऊ हवं होतं, तर मेहुण्याने समोर दिसली ती बायकोच्या आहेराची साडी घडीसकट माझ्या दोन पायांच्या मधे सारली. बायकोने ती बघितली. एरवी या साडीवरून एखादं महाभारत झालं असतं. ती काही बोलली नाही, तेव्हा मला पहिल्यांदा खरी भीती वाटली.

छाती, कंबर, गुडघ्याच्या वर, गुडघ्याच्या खाली, घोटे, अशा गाठी बसल्या. एक गाठ तो नेमकी मोडलेल्या जागी मारणार होता. माझा चेहरा बघून त्याने ती सोडून दिली. मग तो पायांशी गेला.

"आता शेवटची तपासणी. बोटांचा रंग बघायचा. निळी-पांढरी पडली म्हंजी रक्त जात न्हाई." त्याने वाकून पाहिलं आणि सगळ्यांकडे वळून जाहीर केलं, "लालबुंद हायत. फस्क्लास रक्त चाललंय."

सगळ्यांनी सुस्कारा टाकला. मीही टाकला. सासूबाई तेवढ्यात ताट घेऊन आल्या. आपल्या दारातून पूजा झालेला जावई उपाशी दवाखान्यात जाणार, ही गोष्ट त्यांच्या मनाला माझ्या मांडीपेक्षा जास्त टोचत होती. त्यांनी धोंड्याचा तुकडा तुपात बुडवून माझ्या तोंडात घातला.

"एक घास. देवाचा हाय."

मी चावायला सुरुवात केली. बायकोने माझा जबडा धरला, दोन बोटं आत घालून तो घास बाहेर काढला आणि अंगणात फेकला. सगळ्या माहेरासमोर. "ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं लागतं, आई. आता पाणीसुद्धा द्यायचं नाही." सासूबाई ताट घेऊन आत गेल्या. त्या रडत होत्या, असं नंतर कळलं. घास चांगला होता.

अँब्युलन्स आली. तीतून एक डॉक्टर उतरल्या, तिशीच्या आतल्या, आणि मागून ड्रायव्हर, एक लांबट पिशवी घेऊन. डॉक्टरांनी फळ्या, गाठी बघितल्या आणि विचारलं, "हे कुणी बांधलं?" मेहुणा पुढे झाला. "बरं बांधलंय," त्या म्हणाल्या. तो सहा फूट तीन इंच झाला. मग त्यांनी माझ्या पायाला हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"पाय गार आहे. बोटं हलवा बघू."

मी हलवली. म्हणजे मला वाटलं हलवली. उजवी हलली.

"हे लाल काय आहे? रक्त?"

"कुंकू," मी म्हणालो. "पाय धुतले आहेत आज माझे."

त्यांनी स्पिरिटचा बोळा घेऊन अंगठा पुसला. कुंकवाखाली नख पांढरंफटक होतं. दुसरं बोट पुसलं, तेही तसंच. मेहुणा पाच फूट आठ इंचांवर आला.

डॉक्टर माझ्याशी आणि बायकोशी एकदमच बोलल्या, आवाज न चढवता. हाडाची टोकं एकमेकांवर चढली आहेत. त्यांच्यात पायाची मोठी रक्तवाहिनी दबली आहे, कदाचित उचलताना. शिवाय मांडीच्या आत रक्त साठतंय. एका मांडीत लिटरभर सहज मावतं. मंचरला पोचेपर्यंत आणि पुढे ऑपरेशनची तयारी होईपर्यंत असंच राहिलं, तर पाऊल राहील याची त्या खात्री देणार नाहीत. इथेच सरळ रेषेत ओढून त्या लांबट पिशवीतल्या ताणाच्या चौकटीत बसवलं, तर बहुतेक वेळा रक्त सुरू होतं.

"बहुतेक म्हणजे किती?" मी विचारलं.

"तुम्ही शिक्षक आहात का?"

"लेखनिक."

"बहुतेक म्हणजे करून बघायला पाहिजे इतकं," त्या म्हणाल्या आणि हाताला सलाईन लावून दुखणं कमी करायचं इंजेक्शन दिलं.

गाठी सोडून फळ्या बाजूला केल्या. मग पँट. कात्री आली तसा सासूबाईंचा आवाज दारातून आला, "शिलाईवरून कापा हां मॅडम. परत शिवता यील." सांगायला हरकत नाही, की माझ्याही मनात तेच होतं. डॉक्टरांनी शिलाईवरूनच कापली. चौकटीचा वरचा पट्टा जांघेत बसतो, म्हणून बायकांना आत जायला सांगितलं. त्या दारापर्यंत गेल्या.

पट्टे बसवायचं आणि नाडी बघायचं काम डॉक्टरांचं, मांडी खालून धरायची ड्रायव्हरने. घोटा धरून पाय एकसारखा ओढून धरायला तिसरा माणूस हवा होता.

"मी हाय की," मेहुणा म्हणाला.

"कसं ओढाल?"

त्याने टाच रोवली, अंग मागे टाकलं आणि रस्सीखेचीचा पवित्रा घेतला. डॉक्टर म्हणाल्या, "तुम्ही सलाईनची बाटली धरा. उंच आहात, बरं पडेल." मग त्यांनी सासऱ्यांच्या हातांकडे पाहिलं. "बाबा, तुम्ही या."

"म्या?" सासरे एक पाऊल मागे गेले. "म्या वासरं वढलीत गाय अडल्यावर. जावयाचा पाय न्हाई वढला कवा."

"वासरू कसं ओढता?"

"दमानं. झटका द्यायचा न्हाई. आन् वढलं की मधी सोडायचं न्हाई."

"तसंच."

"आवो पर आत्ताच पूजा केली म्या त्या पायाची," सासरे म्हणाले. "दुखलं पावण्यांना, तर काय तोंड दावू?"

"मामा, दुखणारच आहे," मी म्हणालो. "ओढा."

ते हलेनात. तेव्हा बायको दारातून म्हणाली, "आबा, नुसत्या पूजेने पाय राहणार नाही."

सासरे माझ्या पायांशी आले. आधी वाकून त्यांनी माझ्या पावलाला हात लावून तो कपाळाला लावला. डॉक्टर म्हणाल्या, "ते नंतर, बाबा." मग त्यांनी एक हात टाचेखाली घेतला, दुसरा पावलावरून, आणि डॉक्टरांनी दाखवलेल्या दिशेने, चांगल्या पायाच्या रेषेत, ओढायला सुरुवात केली.

मी त्यांना शिवी दिली. ती इथे लिहीत नाही. तीत बायकोच्या माहेरच्या बऱ्याच पिढ्या आल्या आणि ती पूर्ण गल्लीने ऐकली. नंतर दुसरी दिली. वीस वर्षं ज्या माणसापुढे मी आवाज चढवून मीठ मागितलं नाही, त्याला मी काय काय म्हणालो याचा हिशोब मी ठेवला नाही, पण मेहुण्याने ठेवलाय आणि तो अजून लग्नकार्यात ऐकवतो.

सासऱ्यांनी वर पाहिलं नाही. "द्या शिव्या," ते म्हणाले. "हात सुटायचा न्हाई."

मग एकदम कळ ओसरली. थांबली नाही, ओसरली. आत काहीतरी जागेच्या जवळ आलं, मांडीचं आखडलेलं मांस सैल झालं. वळलेलं पाऊल सासऱ्यांच्या हातात हळूहळू आकाशाकडे बघायला लागलं.

डॉक्टरांनी पावलावर दोन बोटं ठेवली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. "अजून थोडं, बाबा. तसंच. दमानं."

सासऱ्यांच्या मानेची शीर फुगली. हात मात्र हलले नाहीत. डॉक्टरांनी बोटं किंचित सरकवली. डोळे मिटले. मी मनात आकडे मोजायला लागलो, कारण मला दुसरं काही येत नाही, आणि कुठेतरी मधेच आकडा चुकला.

"आहे," डॉक्टर म्हणाल्या. "बारीक आहे. पण आहे."

त्यांनी शर्टाच्या खिशातून पेन काढून, जिथे नाडी लागली तिथे पावलावर फुली मारली. मग पट्टे आवळले, चौकटीचा ताण बसवला, आणि सासऱ्यांना सोडायला सांगितलं. त्यांना लगेच सोडता आलं नाही. ड्रायव्हरने त्यांची बोटं एकेक करून उघडली.

अँब्युलन्समध्ये बायको माझ्या डोक्याशी आणि सासरे पायांशी बसले. डॉक्टरांनी त्यांना नख दाबायला शिकवलं: दाबलं की पांढरं होतं, सोडलं की लाली परत यायला हवी. रस्त्यात गतिरोधक भरपूर आहेत. प्रत्येकावरून गेलं की सासरे बोळ्याने पुसलेला अंगठा दाबून बघायचे आणि म्हणायचे, "आली." एकदा त्यांना वेळ लागला. बायकोने माझा खांदा घट्ट धरला. "आली," ते म्हणाले. पुढे काही वेळाने, माझ्याकडे न बघता, "पावणं, तुमास्नी लई शिव्या येत्यात. कुठं शिकला?"

"शाळेत," मी म्हणालो.

मंचरच्या दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरांनी फुलीवर यंत्र टेकवलं. त्यातून भुस्स, भुस्स असा आवाज आला, पंक्चरच्या दुकानातल्यासारखा. फोटो काढले. हाडात सळई घालावी लागेल, उद्या सकाळी. रक्त द्यावं लागेल. चालायला काही महिने जातील. पाऊल राहील. हे शेवटचं वाक्य बायकोने त्यांना दोनदा म्हणायला लावलं.

पुढचं बायकोने सांगितलं. सासरे बाहेर नळावर गेले आणि बराच वेळ हात धूत उभे राहिले. मग त्यांनी घरी फोन लावला. त्यांचा फोन नेहमी स्पीकरवर असतो, त्यामुळे अर्ध्या दवाखान्याने ऐकलं.

सासूबाई विचारत होत्या, पान तसंच झाकून ठेवलंय, पावणं जेवायला कधी येतील, का डबा पाठवू, धोंडं दवाखान्यात चालतंय का ते विचारा.

"अगं जेवणाचं ठेव बाजूला," सासरे म्हणाले. "पाय हाय."

"काय?"

"पाय हाय म्हणतोय. जावयाचा पाय हाय."